नारायण पेठेतल्या घराचं वायरिंग : कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज सकाळी आईकडे गेले तर ती वॉशिंग मशीनमधनं कपडे काढत होती आणि पायात रबरी चप्पल. मोरीत चप्पल कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, अगं हाताला मुंग्या येतात, चप्पल घातली की येत नाहीत. कधीपासून? झाली की दोनेक वर्षं. आत्यालाही माहीत होतं, ती झाकणाला हात लावताना पदर धरते. दोघींनी आपापला उपाय काढून ठेवला होता आणि मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही दर रविवारी इथे येऊन त्याच मशीनशेजारी चहा पिऊन जात होते. एक सत्तरीची, एक पंचाहत्तरीची, आणि मोरीची फरशी कायम ओली.

मशीनचा प्लग काढून ठेवला. कपडे माझ्याकडे आणायचे ठरलं. या घराचं वायरिंग आता बदलायचंच, पावसाच्या आत. नोंदी ठेवते म्हणजे कुठे काय सापडलं ते पुढच्या माणसाला कळेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर घर बघितलं, वहीत एकेक खोली काढली. एका घरात तीन वेगळ्या काळांचं वायरिंग आहे हे आज पहिल्यांदा नीट कळलं.

वरचा मजला सगळ्यात जुना, आजोबांनी घर बांधलं तेव्हाचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीचा. लाकडी केसिंग-कॅपिंग, म्हणजे खोबणीची पट्टी आणि वर झाकणाची पट्टी, आत रबराच्या वायरी, वर सुताची वीण. एका कोपऱ्यात कॅपिंग वाळवीने खाल्लं होतं म्हणून आत दिसलं. रबर वाळून बिस्किटासारखं झालंय, हात न लावताच तुकडे पडलेत आणि आत तांबं उघडं. त्याच्या बाजूला कोरडं लाकूड. मी तिथून मागे आले आणि वरच्या मजल्याचा फ्यूज काढून खिशात टाकला.

खालचा पुढचा भाग १९६१ नंतरचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या सोप्यात पाणी आलं होतं, आजोबांनी पाण्याची रेघ खांबावर कोरून ठेवलीय ती अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर जाते. पाणी ओसरल्यावर खालचं वायरिंग सगळं काढून नवीन केलं, लाकडी पट्टीवर काळ्या रबरी वायरी, पत्र्याच्या क्लिपांनी ठोकलेल्या. वरच्या मजल्यावर पाणी पोचलं नाही म्हणून तिथलं जुनं तसंच राहिलं. म्हणजे पुराने जे बुडवलं ते त्यातल्या त्यात नवीन आणि जे वाचलं ते आज सगळ्यात धोक्याचं.

मागचं स्वयंपाकघर आणि मोरी १९७८ ला वाढवली. तिथे पीव्हीसी वायर, पण ॲल्युमिनियमची. त्या काळात तांबं महाग आणि मिळायचंही नाही म्हणून बऱ्याच घरांत ॲल्युमिनियम वापरलं गेलं.

आणि या सगळ्यावर गेल्या तीस वर्षांतली जोडकामं. टीव्हीसाठी, फ्रिजसाठी, इन्व्हर्टरसाठी, प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन जवळच्या बोर्डातनं एक वायर ओढून गेलाय. खिळ्याला अडकवलेली, दाराच्या फटीतनं गेलेली, माळ्यावर तर एक उंदराने कुरतडलेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

मल्टिमीटर घेऊन बसले. मशीनचा प्लग लावला, एक प्रोब सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये, दुसरी मशीनच्या बॉडीवरच्या स्क्रूला. ११२ व्होल्ट. आपला सप्लाय २३० चा, म्हणजे जवळपास निम्मे. हा निम्मा आकडा अर्थिंग तुटल्याची खूण असते, कारण मशीनच्या आत जो फिल्टर असतो त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडनं एकेक छोटा कपॅसिटर अर्थला जोडलेला असतो, अर्थ जागेवर असेल तर तो बारीकसा करंट गुपचूप जमिनीत जातो आणि कोणाला कळतही नाही, अर्थ तुटला की बॉडी मधल्यामधे लोंबकळत राहते आणि आपण हात लावला की तो करंट आपल्यातनं जातो. त्याच मुंग्या.

पण मग फ्रिजच्या बॉडीवर तेवढेच व्होल्ट का? फ्रिज तर दुसऱ्या बोर्डावर. हे कळलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कळलं.

मोरीतल्या बोर्डाच्या मागनं एक उघडी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) तार निघते, भिंतीच्या कडेकडेनं जाते, खालच्या सगळ्या सॉकेटांच्या अर्थ पिना तिलाच जोडलेल्या. ती तार बोटाने धरत धरत गेले (मेन बंद करून) तर बंबाच्या जागेमागे एका गंजक्या लोखंडी नळाला क्लॅम्प करून संपली. जुनी पद्धत हीच होती, नळाचा लोखंडी पाइप रस्त्यापर्यंत जमिनीतनं जायचा म्हणून तोच अर्थ समजायचा. पण तो पाइप आता कुठे जातच नाही. २०२२ च्या दिवाळीआधी आम्ही प्लंबिंग बदललं, सगळं सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचं केलं, आणि भिंतीतला दीड फुटाचा जुना तुकडा फोडायचा कंटाळा म्हणून तसाच ठेवला. क्लॅम्प त्या दीड फुटावर. प्लंबरचा काही दोष नाही, त्याला ती तार कशाची हे माहीत असायचं कारण नव्हतं. मी समोर उभी होते, मलाही नव्हतं.

म्हणजे गेली अडीच वर्षं या घरात अर्थिंग नाहीये. त्यात वाईट हे की सगळ्या अर्थ पिना एकमेकींना जोडलेल्या आहेत पण जमिनीला नाहीत, त्यामुळे मशीनचा करंट फ्रिजच्या बॉडीवर येतो, गीझरचा मशीनवर, एकाचं दुखणं सगळ्यांच्या अंगावर. गीझरचं एलिमेंट फुटलं असतं तर फ्रिजचं दार उघडणाऱ्याला शॉक बसला असता.

लाईट लागत होती, पंखे फिरत होते, फ्रिज गार करत होता. फेज किंवा न्यूट्रल तुटला तर लगेच अंधार पडतो आणि माणूस वायरमनला फोन करतो. अर्थ तुटला तर काहीच बंद पडत नाही. हे मला आठवडाभर डोक्यातनं जात नाहीये.

२ मार्च, रविवार

पहिला वायरमन येऊन गेला, त्याचं म्हणणं एवढा खर्च कशाला, प्रत्येक सॉकेटात अर्थ आणि न्यूट्रलला छोटा लूप मारून देतो, मुंग्या बंद. मुंग्या बंद होतात हे खरंच आहे. पण मग कधी न्यूट्रल मागे कुठे सैल झाला किंवा तुटला की मशीनच्या आतनं येणारा फेज थेट बॉडीवर, पूर्ण २३०. नाही म्हणून सांगितलं.

दुसरे काका परवानावाले आहेत, वयस्कर, पेठांमधल्या जुन्या वाड्यांची कामं केलेले. आल्या आल्या मेन स्विच उघडला आणि गप्प झाले. दोन किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे फ्यूज, एक फेजला एक न्यूट्रलला. पूर्वी असंच करायचे, पण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरात अंधार होतो, आपण समजतो लाईट गेली, आणि फेज मात्र सगळ्या वायरींत तसाच जिवंत. वर त्या किटकॅटमध्ये फ्यूज वायरच्या जागी फ्लेक्झिबल वायरचे जाड केस पिळून घातलेले. "ताई, हा फ्यूज उडणार नाही, आधी भिंतीतली वायर उडंल."

मग मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावला, ५०० व्होल्टचा, सगळे बल्ब, पंखे, प्लग काढून. निदान १ मेगोह्म यायला पाहिजे. वरच्या मजल्यावर एका खोलीत ०.४, मधल्या खोलीत ०.०५. खाली पुढे ६. मागच्या ॲल्युमिनियमला २० च्या वर, एकदम छान. मला वाटलं चला तेवढं तरी वाचलं, तर काकांनी गीझरचा बोर्ड उघडून दाखवला, स्क्रूखालची वायर चपटी झालेली, बाजूचं बेकेलाइट तपकिरी. ॲल्युमिनियम मऊ, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, जॉइंट सैल होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो, आणि सैल जॉइंटमधनं गीझरचे ९ अँपिअर गेले की तिथेच तापतं. इन्सुलेशन चांगलं असून उपयोग नाही, मेगर हे सांगतच नाही. उघडून बघावं लागतं.

गीझर वेगळा तपासला, ०.२. तो आजपासून बंद. आईने बंबाची आठवण काढली.

ठरलं, सगळं नवीन.

८ मार्च, शनिवार

तपकीर गल्ली, विजेच्या सामानाचा बाजार. काकांची यादी घेऊन गेले आणि आधी तीच समजून घेतली, कारण ते अजून तीन बावीस, सात वीस, एक अठरा असं बोलतात, आधी तारा किती मग त्यांचं गेज, आणि दुकानात वायरची जाडी स्क्वेअर एमएममध्ये. हिशोब केला तर तीन बावीस आणि एक अठरा म्हणजे साधारण १.२ स्क्वेअर एमएम, त्या जागी आता १.५ घेतात. सात वीस म्हणजे साडेचारच्या आसपास.

आम्ही घेतलं ते असं: दिवे-पंख्यांना १.५, साध्या आणि १६ अँपिअरच्या प्लगना २.५, गीझर आणि एसीला वेगळी ४ ची लाइन, मीटरपासून डीबीपर्यंत (खटक्यांची पेटी) १०. सगळी तांब्याची, एफआर, म्हणजे सहज पेट न घेणारी. हिरवी, म्हणजे अर्थची वायर प्रत्येक पॉइंटला, दिव्याच्या पॉइंटलासुद्धा, यावर मी अडून राहिले. काका म्हणाले बल्बला कशाला, मी म्हटलं उद्या तिथे पत्र्याचं झुंबर कोणी लावलं तर.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका, वायर बघून घ्यायची, उपकरण बघून नाही. १.५ ला १० अँपिअरची, २.५ ला १६, ४ ला २०. एमसीबी वाचवते ती वायरला, माणसाला नाही. माणसाचं हृदय बंद पाडायला अँपिअरचा दहावा हिस्सा सुद्धा पुरतो, तो १० च्या एमसीबीला कळणारही नाही. त्यासाठी आरसीसीबी, करंट गळाला की पडणारा खटका, ३० मिलीअँपिअरच्या दोन घेतल्या, एक वरच्या मजल्याला एक खाली. टाइप ए मागून घेतल्या कारण आता इन्व्हर्टर एसी, मशीन सगळ्यांत इलेक्ट्रॉनिक्स आहे. दुकानदाराने आधी साधी काढली होती, डब्यावर वाचून घ्यावं लागतं.

१७ मार्च, सोमवार

वरचं काम सुरू. भिंतीत झिरी मारायची नाही हे आधीच ठरवलं होतं. लाकडी सांगाडा, मधे कच्च्या विटा आणि पांढरी माती, वरनं चुना. कटर लावला तर हातभर गिलावा खाली येईल आणि खांबाला इजा. त्यामुळे कॉन्ड्युट (वायरींचा पाइप) भिंतीवरनंच, तुळईच्या सावलीत, सरळ रेषेत. जुन्या केसिंगच्याच वाटेने नेलं, त्या माणसाने वाट फार विचाराने काढली होती, खिडक्या, कोनाडे सगळं टाळून.

जुनी वायर काढताना नुसता भुगा पडतो. एका ठिकाणी लाकडावर आतून काळा डाग होता, वितभर लांब. म्हणजे कधीतरी तिथे ठिणगी पडून विझलीय. आत्याची खाट त्याच्या खाली.

अजून एक. दोन दिव्यांचं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर होतं. बटण बंद केलं की बल्ब विझतो पण होल्डरमध्ये फेज तसाच. बाबा स्टुलावर चढून बल्ब बदलायचे ते बटण बंद करूनच.

२५ मार्च, मंगळवार

स्वयंपाकघर. ओव्हनच्या सॉकेटची प्लेट काढली तर आत तोच लूप, अर्थ ते न्यूट्रल, काळ्या वायरचा बोटभर तुकडा. कोणीतरी कधीतरी मारून गेलेला. आणि खालच्या सगळ्या अर्थ पिना एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे तो लूप खरं तर सगळ्या घरालाच होता? मग ११२ व्होल्ट कसे आले? काकांनी टेस्टरने चाचपलं तर त्या बोर्डाचा अर्थाचा जॉइंटच गंजून सुटलेला. म्हणून मशीनला मुंग्या आणि ओव्हनला नाही, आई म्हणायचीच ओव्हनला काही होत नाही. तो तुकडा पिशवीत घालून ठेवलाय, वहीत चिकटवणार.

३० मार्च, रविवार

पाडवा. काम बंद. वरच्या मजल्यावर नवीन दिवे लागले, बास.

५ एप्रिल, शनिवार

अर्थिंग. मागच्या अंगणात, पारिजातकापासून लांब. वर तीन फूट भराव, विटांचे तुकडे, कौलं, मग काळी माती. आमच्याकडे नदी जवळ म्हणून हे जमतं, पुण्यात बऱ्याच ठिकाणी दोन-चार फुटांवर काळा पाषाण लागतो. अडीच मीटरचा ४० एमएम जीआय पाइप उभा पुरला, भोवती बेंटोनाइट, ओल धरून ठेवणारी माती, कालवून भरलं. पूर्वी कोळसा आणि मीठ घालायचे, पण मीठ पावसात वाहून जातं आणि पाइपही खातं.

अर्थ टेस्टरने मोजलं, ११ ओहम. काका म्हणाले ठीके, मला पटलं नाही, आकडा जितका कमी तितकं बरं. मग पाइपच्या लांबीपेक्षा जास्त अंतर सोडून, तीन मीटरवर दुसरा पाइप, दोन्ही जोडले. ५.८. जवळ जवळ पुरले असते तर एवढा फरक पडला नसता, दोघांना आपापली माती लागते.

हे इथे नीट लिहून ठेवते कारण मला समजायला वेळ लागला. ५.८ ओहम असताना फेज मशीनच्या बॉडीला लागला तर जमिनीतनं जास्तीत जास्त २३० भागिले ५.८, म्हणजे ४० अँपिअर जातील. २० ची सी टाइप एमसीबी झटकन पडायला १०० ते २०० लागतात. ४० वर ती तापून पडेल, मिनिटभरही लागू शकतं, आणि तेवढा वेळ बॉडी जिवंत. म्हणजे नुसतं अर्थिंग करून आपण सुरक्षित झालो असं नाही. आरसीसीबी मात्र ३० मिलीअँपिअर गळाले की पडते, त्या वेळी बॉडीवर ०.०३ गुणिले ५.८, पाव व्होल्टसुद्धा नाही. अर्थ वाट देतो, आरसीसीबी लक्ष ठेवते. एकट्याने कोणाचंच काम होत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

खालची डीबी चालू केली आणि संध्याकाळपासून आरसीसीबी पडायला लागल्या. वरची आणि खालची, दोन्ही एकदम. दिवसा काही नाही, अंधार पडला की. काका गेलेले. मी एकेक एमसीबी बंद करून बघत बसले, गीझर नाही, फ्रिज नाही, मशीन तर अजून लावलंच नव्हतं. साडेनऊला आत्या जिन्याने वर निघाली, जिन्याचा दिवा लावला आणि घर अंधारात. तेव्हा लक्षात आलं.

जिन्याचा दिवा टू-वे, खालून लावायचा वरून विझवायचा, त्याची वायर तात्पुरती जुनीच ठेवली होती. फेज खालच्या सर्किटचा, न्यूट्रल वरच्या. आरसीसीबी काय करते तर गेलेला करंट आणि परत आलेला करंट ताडून बघते, खालच्या पेटीतनं गेलेला परत आलाच नाही आणि वरच्या पेटीत न गेलेला परत आला, दोघींनाही वाटलं गळती आहे. साध्या बल्बपुरता करंट, पण ३० मिलीअँपिअरपेक्षा कितीतरी जास्त. फ्यूजच्या काळात हे कोणाला कळायचं कारण नव्हतं, जवळचा न्यूट्रल उचलायचे.

१३ एप्रिल, रविवार

जिन्याला खालून नवीन न्यूट्रल ओढला. पडणं बंद. काका म्हणाले, अशा वेळी बरेच लोक आरसीसीबीच काढून टाकायला सांगतात, खराब आहे म्हणून.

१९ एप्रिल, शनिवार

बिलावर मंजूर भार १ किलोवॅट. गीझर २०००, इंडक्शन २०००, दीड टनाचा एसी साधारण १६००, इस्त्री १०००. सगळं एकदम चालत नाही तरी १ कुठेच पुरत नाही. महावितरणकडे ५ चा अर्ज केला, काकांचा टेस्ट रिपोर्ट जोडून. बाहेरनं मीटरपर्यंत येणारी वायर आपली नाही, तिला हात लावायचा नाही.

३ मे, शनिवार

देवघराचं बटण. पितळी दांडीचं, गोल, काळं, आजोबांनी बसवलेलं. ते काढताना आत्या मधे येऊन उभी राहिली. "अगं, बाबा रोज पहाटे ह्याच बटणाला हात लावायचे." मी म्हटलं आत्या, आत बघ, मागची चिनी माती तडकलीय. ती काही बोलली नाही. शेवटी बटण लाकडी ठोकळ्यासकट जागेवर ठेवलं, मागच्या वायरी पूर्ण काढून. नवीन बटण खाली वीतभर. संध्याकाळी बघितलं तर ती दिवा लावताना आधी जुनं खट् करते, मग नवीन.

२६ मे, सोमवार

यंदा मे महिन्यातच पाऊस. दोन दिवस झड लागलीय, मोरीच्या भिंतीला ओल. मुद्दाम आज आले. इन्सुलेशन परत मोजलं, सगळीकडे १०० मेगोह्मच्या वर. मशीनच्या बॉडीवर ०.३ व्होल्ट. नवीन गीझर ठीक.

डीबीच्या दाराच्या आत कागद चिकटवला, कुठली एमसीबी कशाची ते आईच्या अक्षरात, कारण वाचायचं तिला आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातनं एकदा दाबायचं हे तिला दाखवलं. आधी घाबरली, मग स्वतः दाबलं, खटका पडला, फ्रिज थांबला, परत वर केला. मग कालनिर्णय काढलं आणि डिसेंबरपर्यंत प्रत्येक १ तारखेच्या चौकटीत लिहिलं, टेस्ट बटण. जूनच्या चौकटीत गॅसची नोंद आधीच होती, त्याच्या खाली बारीक अक्षरात बसवलं.

राहिलेलं: माळ्यावरचा दिवा, अंगणातल्या अर्थच्या चेंबरवर झाकण, भिंतीतला तो दीड फुटी पाइप काढणे.